ठेवीदारांचा वकील निवडणुकीला उभा राहतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिवाजीनगर कोर्टात बरीच वर्षं आर्थिक फसवणुकीची कामं करताय, तीही बहुतेक ठेवीदारांच्या बाजूने. मेळाव्यांत भाषणं होतात, पेपरात अधूनमधून नाव येतं. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत एका पक्षाने विचारणा केली आणि ऐन वेळी तिकीट दुसऱ्याला गेलं. आता आजूबाजूचे म्हणतात, विधानसभेच्या तयारीला लागा. या वकिलीचा राजकारणात उपयोग किती, सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय करायचं, आणि उभं राहण्याआधी काय काय आवरायचं, हे तुम्हाला हवंय.

मी याच कोर्टात एमपीआयडीची, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या राज्याच्या कायद्याखालची, कामं करतो. शिवाय निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रं तयार करणं आणि छाननीच्या दिवशी निर्णय अधिकाऱ्यासमोर उभं राहणं, हेही करत आलोय. स्वतः कधी उभा राहिलो नाही आणि राहणारही नाही, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या. वकिलीचा उपयोग आहे, पण तो तुम्हाला वाटतोय तिथे नाही. मतं मिळवायला जेमतेम, अर्ज भरताना बराच आणि निवडून आलात तर सगळ्यात जास्त. धोका मात्र पहिल्या दिवसापासून असतो. आज जे अशील आहेत त्यांना मनातल्या मनात मतदार म्हणून मोजायला लागलात, की वकिली आणि उमेदवारी दोन्ही बिघडतात.

आधी मतांचा हिशेब. एखादी वित्तसंस्था बुडते तेव्हा फिर्यादीत हजारो ठेवीदारांची यादी जोडलेली असते. ती पाहून कुणालाही वाटेल की हा तयार मतदारसंघच आहे. यादीतले पत्ते बघा. कोथरूड, सहकारनगर, सदाशिव पेठ, चिंचवड, मग सातारा, कोल्हापूर, ठाणे, काही तर मुलाकडे परदेशी. पुणे शहरातल्या आठ विधानसभा मतदारसंघांत वाटले तर एकेका ठिकाणी मूठभर उरतात, आणि त्यातल्या कित्येकांचं नाव वेगळ्याच गावच्या यादीत असतं. शिवाय आपल्याला माहीत असलेली, पण पक्षाच्या यादीप्रमुखाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. फसलेला माणूस ते सांगत नाही. निवृत्तीची सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवली हे मुलांनासुद्धा न सांगितलेले लोक माझ्याकडे येतात. पावत्या पिशवीत, पिशवी कपाटात, आणि फोन करायचा तर दुपारी, सून ऑफिसात असताना. असा माणूस तुमच्या कोपरा सभेत हात वर करून 'यांनी माझे पैसे सोडवले' म्हणणार नाही. तो तुम्हाला मत देईलही, पण गुपचूप देईल आणि शेजाऱ्याला सांगणार नाही. प्रचाराला ज्यांचा उपयोग होतो ते उघडपणे बोलणारे लोक असतात.

पुण्यात प्रभाग चालतो तो गणेश मंडळं, सोसायट्यांच्या सभा, टँकर, ड्रेनेज, देवदर्शनाच्या बस आणि हळदीकुंकवावर. याची टिंगल करायची नाही. ज्याने वर्षानुवर्षं लोकांचे दाखले काढून दिले, रात्री दवाखान्यात खाट मिळवून दिली, त्याला मत मिळतं आणि त्यात गैर काही नाही. तुमची कीर्ती कोर्टाच्या आवारात आणि पेपर वाचणाऱ्यांत आहे. ती मोठी असेल, पण बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसायला माणूस देत नाही. जानेवारीत महापालिकेच्या १६५ जागा ४१ प्रभागांतून भरल्या, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. चौघांच्या पॅनेलमध्ये तुम्ही कदाचित इतरांच्या मतांवर तरून गेला असता. विधानसभेला तसं नाही, तिथे एकच नाव.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रचारात तुमच्याकडून एक वाक्य बोललं जाणार आहे, 'निवडून द्या, तुमचे पैसे परत मिळवून देतो.' हे बोलू नका. वकील म्हणून तुम्ही ते बोलत नसाल, पण व्यासपीठावर माईक हातात आला की तोंडून निघतं.

का नको, ते आपल्याच कामात दिसतं. एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा १९९९ चा कायदा. कलम ३ खाली सहा वर्षांपर्यंत शिक्षा, हे सगळ्यांना पाठ असतं. ठेवीदाराला मात्र शिक्षेत रस नसतो, रकमेत असतो, आणि रक्कम कलम ४ पासून पुढे सुरू होते. गुन्हा दाखल होतो, आर्थिक गुन्हे शाखा मालमत्तांची यादी करते, प्रस्ताव मंत्रालयात गृह विभागाकडे जातो, तिथून जप्तीची अधिसूचना निघते. सक्षम प्राधिकारी नेमला जातो. हे बहुतेक वेळा आपले प्रांतसाहेब, ज्यांच्या टेबलावर भूसंपादन, दाखले, आंदोलनं आणि निवडणुकीचं काम आधीच पडलेलं असतं. ते विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करतात. मग हरकती येतात. बँक म्हणते, आमचा बोजा आधीचा. सातबारावर तिसऱ्याच माणसाचा फेरफार निघतो. फ्लॅट घेणारे म्हणतात, आम्ही पूर्ण पैसे भरलेत, आमचा काय दोष. तोवर ईडीने मनी लाँडरिंग कायद्याखाली त्याच जमिनीवर टाच आणलेली असते, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर तिसरं न्यायाधिकरण. डीएसके, म्हणजे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांचं, प्रकरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच आहे. अटक फेब्रुवारी २०१८ मधली, आणि वाद एमपीआयडी न्यायालय, ईडी आणि दिवाळखोरी न्यायाधिकरण अशा तिन्ही दारांत गेला.

कायद्याचा स्वतःचा प्रवासही सरळ नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१२ मध्ये तो वैध ठरवला. २०२२ च्या एप्रिलमध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तूंच्या बाजाराच्या प्रकरणात 'ठेव' आणि 'वित्तीय आस्थापना' यांचा अर्थ व्यापक धरला गेला, आणि २०२५ मध्ये त्याच प्रकरणात एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकांना अग्रक्रम नाही असं ठरलं. निकाल ठेवीदारांच्या बाजूचे आहेत, पण तारखा बघा. सत्तर वर्षांच्या माणसाला हा कालावधी परवडत नाही.

सहकारी बँकेतल्या ठेवीदाराला निदान विम्याचा आधार आहे. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ती रक्कम मिळण्याची सोय झाली. पुण्याच्या रुपी या सहकारी बँकेवर निर्बंध आले फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि परवाना रद्द झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षं ज्यांनी टिळक रोडवरच्या सभांत आणि रिझर्व्ह बँकेच्या पत्रव्यवहारात घालवली, त्यांना ही दुरुस्ती किती मोठी होती ते विचारा. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, खासगी कंपनीच्या ठेवीला तर नाहीच. हा फरक सभेतल्या दहांपैकी नऊ जणांना माहीत नसतो. 'पैसे परत' म्हणून तुम्ही टाळ्या घेतल्यात तर तिघेही ते आपल्यालाच म्हटलं असं समजून घरी जातील.

आणि हेही बघा, ज्याच्याविरुद्ध तुम्ही खटला लढताय त्याने काय केलं होतं? आपल्या हातात नसलेल्या पैशाचं मुदतीसह वचन दिलं होतं. तुम्हीही जप्त मालमत्तेच्या जोरावर पाच वर्षांचं वचन देणार असाल, तर समोरच्या उमेदवाराला फार काही करावं लागणार नाही. २०३४ मध्ये ती ध्वनिफीत वाजवली तरी पुरे.

सनदेचं सोपं आहे. आमदार किंवा खासदार झाल्यावर वकिली करायला बंदी नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं, कारण लोकप्रतिनिधी हा बार कौन्सिलच्या नियम ४९ मधला पूर्णवेळ पगारी नोकर होत नाही. तेव्हा सनद निलंबित करायची गरज नाही. तुम्ही सरकारी अभियोक्ता किंवा शासनाच्या पॅनेलवर असाल तर मात्र अर्ज भरण्याआधी राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात ठेवा. लाभाच्या पदाचा मुद्दा छाननीतच उपस्थित होतो, आणि त्या वेळी 'राजीनामा दिलाय, मंजुरी यायचीय' हे उत्तर चालत नाही.

खरी पंचाईत नियम ३६ ची आहे. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करायची नाही, काम मागायचं नाही. पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण अमुक प्रकारच्या कामात विशेष आहोत असंसुद्धा लिहायचं नाही. २००८ मध्ये संकेतस्थळापुरती थोडी सूट मिळाली, तीही नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. आता तुमचं प्रचारपत्रक डोळ्यांसमोर आणा. वरती फोटो, खाली 'ठेवीदारांचे कैवारी, हजारो गुंतवणूकदारांना न्याय मिळवून देणारे ॲडव्होकेट अमुक', त्याखाली संपर्क कार्यालय म्हणून तुमच्या चेंबरचा पत्ता आणि ऑफिसचा मोबाईल. उमेदवार म्हणून हे रास्त, पण वकील म्हणून ही सरळ जाहिरात. हरलात तर निवडणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच पत्रकामुळे आलेले अशील तुमच्या दारात असतील, आणि एखादा प्रतिस्पर्धी वकील ते पत्रक जोडून बार कौन्सिलकडे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करील. माझा सल्ला असा की पत्रकात व्यवसाय 'वकिली' एवढाच लिहा. कोणती केस, कोण अशील, किती वसुली, काही नको. कार्यालय वेगळं, फोन वेगळा, ईमेल वेगळा. चेंबरमध्ये पक्षाचं उपरणं घातलेला माणूस बसता कामा नये. ज्युनिअरना प्रचाराला जुंपू नका, आणि स्वतःहून आले तर त्या दिवशी त्यांना काळा कोट घरी ठेवून यायला सांगा.

'मला मत द्या, तुमचा खटला फुकट चालवतो' हा मोहही टाळा. मताच्या बदल्यात फायदा देऊ करणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणात ओढता येतं.

चालू फायलींचं काय? प्रचाराचे दोन-तीन महिने तुम्ही तारखांना जाणार नाही, हे धरूनच चला. नियम १२ सांगतो की पुरेसं कारण आणि वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय काम सोडता येत नाही. प्रत्येक अशिलाला पत्र लिहा, कोणता सहकारी उभा राहील ते सांगा, ज्याला दुसरा वकील हवा त्याला नाहरकत द्या आणि न वापरलेली फी परत करा. हे काम आचारसंहिता लागण्याच्या बरंच आधी करायचं. पुढची विधानसभा नियमाप्रमाणे २०२९ च्या आसपास, म्हणजे वेळ आहे.

मग ती यादी. ठेवीदारांची नावं, मोबाईल, किती रक्कम अडकली, काही ठिकाणी तर आजारपण आणि घरची परिस्थितीही तुमच्या संगणकात आहे. व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. प्रचार सुरू झाला की कुणीतरी सोशल मीडिया सांभाळणारा पोरगा म्हणेल, 'सर, तो डेटा द्या ना.' द्यायचा नाही. ती माहिती तुम्हाला वकील म्हणून मिळाली आहे. एक संदेश जरी त्या यादीवर गेला आणि कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढला, तर वर्षानुवर्षांची अब्रू दुपारच्या बातमीला जाईल.

आणि वर्गणी. ठेवीदार संघर्ष समित्या माणशी दोनशे, पाचशे गोळा करतात, खटल्याचा खर्च म्हणून. कुठे पावती असते, कुठे वहीत सही, कुठे नुसतं ग्रुपवर 'मिळाले'. पैसे बहुधा समितीच्या एखाद्या निवृत्त काकांच्या नावावर असतात, पण लोकांच्या मनात ते वकिलांकडे दिलेले असतात. उभं राहण्याआधी सनदी लेखापालाकडून तो हिशेब तपासून घ्या, समितीच्या सभेत वाचून दाखवा, इतिवृत्तावर सह्या घ्या आणि त्या खात्याशी असलेला तुमचा संबंध संपवा. फी कशी ठरली होती तेही कागदावर असू द्या. वसूल झालेल्या रकमेचा टक्का फी म्हणून घेता येत नाही, हे नियम २० मध्ये आहे, आणि विरोधी उमेदवाराला हा नियम कुणीतरी दाखवणारच.

तुम्ही लिहिलंय की दोन प्रकरणांत आरोपींच्या बाजूनेही उभे होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण सभेत 'घोटाळेबाजांचा वकील' म्हणून ओरड होईल. त्यावर खुलासा करायला गेलात की अडकलात. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं नाही, हे बंधन वकीलपत्र संपल्यावरही राहतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १३२. 'त्याने मला खरं सांगितलं नव्हतं' किंवा 'मीच त्याला पैसे परत करायला लावत होतो', यांतलं काहीही बोलता येणार नाही. 'प्रत्येक आरोपीला वकील मिळायलाच हवा' एवढं एक वाक्य म्हणा आणि गप्प बसा. ते ऐकायला मिळमिळीत लागतं, पण दुसरा मार्ग नाही. उलट बाजूनेही तेच. समोरचा उमेदवार एखाद्या बुडालेल्या पतसंस्थेचा माजी संचालक असेल आणि त्याची कागदपत्रं तुमच्या कपाटात असतील, तर ती सभेत फडकवायची नाहीत. सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या चौकशीचा आदेश सार्वजनिक असेल तर तो वाचा, त्यापुढे एक शब्द नको. उमेदवाराबद्दल खोटं विधान करण्याविरुद्धचं कलम १२३(४) आणि बदनामीचा खटला ही दोन्ही हत्यारं त्याच्याकडे तयार असतात.

आता नमुना २६, म्हणजे शपथपत्र. इथे तुमची वकिली खरी कामाला येते, आणि नेमके इथेच वकील ढिलाई करतात, कारण दुसऱ्याचं शपथपत्र काटेकोर करणारा माणूस स्वतःचं कारकुनावर सोडतो.

पाच वर्षांचं विवरणपत्राप्रमाणे उत्पन्न, तुमचं, पत्नीचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबितांचं. आपल्या धंद्यात रोख फी ही जुनी सवय आहे. विवरणपत्रात सहा लाख आणि मालमत्तेच्या रकान्यात कोथरूडचा तीन बेडरूमचा फ्लॅट असेल, तर फसवणुकीच्या खटल्यात आरोपीला जो प्रश्न तुम्ही विचारता तोच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, पैसा आला कुठून. पुढचे तीन आर्थिक वर्ष तुमच्या हातात आहेत. फी बँकेतून घ्यायला आजच सुरुवात करा.

गावाकडची सामाईक जमीन, आईच्या नावावरची मुदत ठेव, मित्राबरोबर घेतलेला गुंठेवारीतला प्लॉट ज्याची खरेदी अजून झालेली नाही, सोसायटीचे शेअर, विम्याची पॉलिसी, कुणाला हातउसने दिलेले पैसे, हे सगळं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय की प्रत्येक बारीकसारीक जंगम वस्तू न दाखवणं म्हणजे निवडणूक रद्द होण्यासारखा दोष नव्हे. पण त्या निकालाच्या भरवशावर शपथपत्र लिहायचं नसतं. खोट्या शपथपत्राला कलम १२५अ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. कोणताही रकाना रिकामा ठेवू नका. जिथे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही'. २०१३ च्या निकालानंतर, आठवण देऊनही रिकामा राहिलेला रकाना हे अर्ज फेटाळायचं कारण होऊ शकतं, आणि रेघ मारलेली चालते की नाही यावर छाननीच्या टेबलावर घातलेला वाद मी ऐकलाय. तो ऐकण्यासारखा नसतो.

गुन्ह्यांच्या रकान्यात तुमच्यासारख्यांचा हमखास घोळ होतो. ठेवीदारांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर नेला होतात ना? जमावबंदी मोडल्याचा, विनापरवाना जमाव जमवल्याचा गुन्हा तेव्हा तुमच्या नावावर दाखल झाला असेल आणि तुम्हाला समन्ससुद्धा आलं नसेल. आजच पोलीस ठाण्यातून आणि ई-कोर्ट्सवरून तपासा. असा गुन्हा प्रलंबित असेल तर एफआयआर क्रमांकासह लिहावा लागतो, शिवाय माघारीची मुदत संपल्यापासून मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहीर करावा लागतो. मोर्चाचा गुन्हा लोक समजून घेतात. लपवलेला मोर्चाचा गुन्हा समजून घेत नाहीत.

खर्चाबद्दल जास्त लिहीत नाही. विधानसभेची मर्यादा आपल्या राज्यात चाळीस लाख आहे, २०२२ पासून. वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही, निकालानंतर तीस दिवसांत हिशेब. न दिल्यास तीन वर्षं अपात्रता. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार, आणि वैध मतांचा सहावा हिस्साही मिळाला नाही तर ती जप्त. प्रत्यक्षात किती लागतात हे तुम्हाला पक्षातले लोक सांगतील, आणि ते ऐकताना तुमच्यातला फसवणुकीचा वकील जागा ठेवा. पैसा कोण देतंय ते विचारा. महाराष्ट्रात सहकार आणि राजकारण ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत. बँकेचा संचालक, पतसंस्थेचा चेअरमन, बिल्डर, यांतला कुणीतरी तुमच्या पक्षाच्या जिल्हा कार्यकारिणीवर असणारच, आणि त्याचं नाव तुमच्याच एखाद्या फाइलमध्ये निघू शकतं. प्रवेश करण्याआधी हे शोधा. नंतर कळलं तर फाइल सोडायची की पक्ष, असा प्रश्न येतो, आणि वेळ अशी असते की काहीही केलं तरी लोक वाईटच बोलतात.

वकिलीतून राजकारणात आलेल्यांची उदाहरणं तुम्ही विचारलीत. पुण्यात ही परंपरा जुनी आहे. सार्वजनिक सभा १८७० मध्ये उभी करणारे 'सार्वजनिक काका', गणेश वासुदेव जोशी, पेशाने वकीलच. अलीकडे ॲडव्होकेट वंदना चव्हाण आधी महापौर आणि मग दोन वेळा राज्यसभेत. पण दोन्ही ठिकाणी वकिलीपेक्षा शहरातलं काम पुढे होतं. उज्ज्वल निकमांसारखं घराघरात पोहोचलेलं नाव २०२४ ला मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेला हरलं. पुढच्या वर्षी ते राष्ट्रपती नियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले, ती गोष्ट वेगळी. निवडणुकीआधी त्यांनी सरकारी खटल्यांतून राजीनामा दिला होता, आणि पराभवानंतर पुन्हा नेमणूक झाल्यावर टीका झाली. तुम्ही यातून घ्यायचं ते एवढंच, की कोर्टातलं नाव मतपेटीपर्यंत आपोआप जात नाही. गुंतवणूकदारांचा प्रश्न घेऊन राजकारणात उभे राहिलेले किरीट सोमय्या वकील नव्हेत, सनदी लेखापाल. ते ईशान्य मुंबईतून दोनदा खासदार झाले, पण पाठीशी पक्षाची यंत्रणा होती आणि मतदारसंघातला राबता होता.

मग निवडून आल्यावर उपयोग काय? इथे मला तुमच्यासारखा माणूस सभागृहात असावा असं मनापासून वाटतं. एमपीआयडीतल्या जप्तीच्या अधिसूचना किती दिवस मंत्रालयात पडून राहतात, किती सक्षम प्राधिकाऱ्यांना स्वतंत्र कर्मचारी आहेत, कायम झालेल्या जप्तीपैकी किती मालमत्तांचा लिलाव प्रत्यक्ष झाला, लिलावात बोली का येत नाही, हे तारांकित प्रश्नांत विचारता येतं. लक्षवेधी लावता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यामार्फत पीडितांना वाटण्याची सोय आली आहे. ती आणि एमपीआयडी यांची सांगड कशी घालायची हे कुणीतरी सभागृहात बोलायला हवं. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे, तरी आमिष दाखवणारी योजना लोक बुडाल्यावरच पोलिसांना दिसते. ॲपवरच्या शेअर ट्रेडिंगमध्ये आणि 'डिजिटल अरेस्ट'मध्ये पुण्यातले निवृत्त लोक रोज लाखांनी गमावताहेत, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला पहिल्या तासात फोन केला तर रक्कम अडवता येते हे अजून सोसायटीच्या फलकावर नाही. हे काम आमदार नसतानाही करता येतं, आणि तुम्ही ते आतापासून, पक्षाच्या बॅनरशिवाय, सोसायट्यांमध्ये जाऊन करावं असं मी म्हणेन. पुढे मतं मिळोत न मिळोत, तुमची ओळख निदान फिर्यादींच्या यादीबाहेर जाईल.

शेवटचा प्रश्न, पक्ष की अपक्ष. विधानसभेला अपक्ष म्हणून दोनच परिस्थितींत उभं राहावं: मतदारसंघात तुमची स्वतःची बूथनिहाय माणसं असतील तर, किंवा हरायचंच आहे हे घरच्यांसकट सगळ्यांना मान्य असेल तर. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात, आणि एकाची सही किंवा यादीतला अनुक्रमांक चुकला तरी अर्ज जातो, म्हणून चार अर्ज भरायची मुभा आहे ती वेगवेगळ्या सूचकांसह पूर्ण वापरा. सूचक म्हणून चालू खटल्यातला अशील घेऊ नका. तुमचं स्वतःचं नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावी लागते. पक्षाकडून लढणार असाल तर आश्वासनावर जाऊ नका. जानेवारीत काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पक्षाने उमेदवारी दिल्याचा ए आणि बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर, शाईच्या सहीने, पोहोचला तरच तुम्ही पक्षाचे उमेदवार. तीन वाजून पाच मिनिटांनी आलात तर पक्षाचं तिकीट गेलं, आणि दहा सूचक नसतील तर अर्जही गेला. तेव्हा पक्षाचा शब्द मिळाला असला तरी एक अर्ज दहा सूचकांचा भरून ठेवा.